रंध्याच्या मोटारीचा शोध



एरवी मी इथे लोणची-पापडांबद्दल लिहिते, व्रतांबद्दल लिहिते, फार तर घरखर्चाच्या वहीबद्दल. आजचा विषय आहे विजेची मोटार. "हे काम पुरुषांचं, आपल्याला त्यातलं काय कळतंय" असं म्हणून पान उलटू नका. घरघंटी तुमच्याकडे आहे, टाकीत पाणी चढवणारा पंप आहे, कोणाच्या शेतात विहिरीवर मोटार आहे, कोणाच्या घरी यंत्रमाग आहेत. ती एक दिवस जळते आणि मग दुकानदार देईल ती आणून बसवली जाते. आमच्याकडे ते टळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

आमच्या सासऱ्यांची जयसिंगपुरात लाकडाची वखार होती. वखार केव्हाच बंद झाली. मागे राहिली ती घरालगतची पत्र्याची शेड आणि तिच्यातलं एक मशीन. वर नऊ इंची रंधा, बाजूला बारा इंची गोल करवत, खाली पोटात एकच मोटार; बेल्टवर दोन्ही चालतात. पाट, चौरंग, ग्रंथ ठेवायच्या चौक्या, कधी खिडकीच्या चौकटी, एवढंच काम आता होतं. काम करतात आमचे मिस्त्री. सव्वीस वर्षं ते आमच्याकडे आहेत. हिशेब माझ्याकडे असतो. बी.कॉम. झाल्यावर नोकरी केली नाही, पण या शेडची वही मी एक दिवसही चुकवलेली नाही.

दिवाळीला नऊ दिवस होते. कार्तिकाच्या अष्टाह्निकेत मंदिरात सिद्धचक्र विधान ठरलं होतं आणि त्यासाठी चाळीस पाट आणि बारा चौरंगांचं काम आमच्याकडे होतं. शुद्ध अष्टमीच्या आत सगळं पोचायला हवं होतं. अर्धं लाकूड रंधून झालं होतं. त्या दुपारी मिस्त्री दारात येऊन म्हणाले, "वैनी, मोटर गेली. वास येतोय." शेडमध्ये गेले तर जळक्या वॉर्निशचा वास भरून राहिला होता. तो वास ज्यांनी एकदा घेतला आहे त्यांना पुन्हा सांगावा लागत नाही.

ह्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. वाकायचं नाही, उचलायचं नाही, भुशात जायचं नाही. चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणाले, "आई, ही संधी समज. मशीन भंगारात दे, पाट तयार आणून पोचवा आणि शेड भाड्याने दे. भाडं त्या कामापेक्षा जास्त येईल." हिशेबाने तो बरोबरच बोलत होता. वही माझ्याच हातात असल्यामुळे ते मला त्याच्या आधी ठाऊक होतं. पण त्या वहीत एक ओळ दर शनिवारी असते, मिस्त्रींच्या पगाराची. साठीला आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? मिस्त्री एवढंच म्हणाले, "हातरंध्यानं करतो की." त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी चिरंजीवांना सांगितलं, "आधी मोटार मिळते का बघू. शेडचं दिवाळीनंतर बोलू."

पहिल्यांदा मोटार सोडवून भरणाऱ्याकडे नेली. आमच्या भागात रिवाइंडिंगला 'मोटार भरणं' म्हणतात. इकडे विहिरींवरचे पंप आणि इचलकरंजीचे यंत्रमाग यांच्यामुळे मोटारी भरणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. या कारागिराने झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "काकू, हे बघा." आत तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या गोल बसवलेल्या असतात. त्यांतल्या काही कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या आणि काही अगदी चांगल्या, तांबूस. मोजलं तर दोन हिस्से काळे, एक हिस्सा चांगला.

त्याने समजावलं ते असं. थ्री फेज मोटारीत तीन फेजची तीन वेटोळी असतात. जास्त भाराने मोटार जळली तर तिन्ही सारखी काळी पडतात. चालू असताना एक फेज तुटला तर मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती रेटत राहते, त्या दोन वेटोळ्यांतून जास्त वीज वाहते आणि ती तापून जळतात. आमची मोटार स्टार जोडणीची होती. आपल्याकडे दोन एचपीपर्यंतच्या मोटारी बहुधा तशाच येतात. स्टारमध्ये असं झालं की दोन वेटोळी जळतात आणि तिसरं वाचतं. डेल्टा जोडणीत उलट होतं, एकच जळतं आणि दोन वाचतात.

म्हणजे म्हातारपणाने मोटार गेली नव्हती, तिला कोणीतरी मारलं होतं. मारणारा अजून शेडमध्येच बसलेला होता. तसंच नवी आणून जोडली असती तर तिचंही तेच झालं असतं.

तेव्हा नवी मोटार शोधायच्या आधी आम्ही वायरमनला बोलावून स्टार्टर उघडवला. स्टार्टरमध्ये तीन पॉइंट असतात, प्रत्येक फेजला एक. त्यांतला एक खाऊन खाऊन काळा पडला होता, कधी टेकायचा, कधी नाही. आणि खाली जो ओव्हरलोड रिले असतो, जास्त वीज वाहू लागली की मोटार बंद करणारा, त्याची चकती सहा अँपिअरवर फिरवून ठेवलेली. मोटारीला लागतात साडेतीनच्या आतबाहेर. कोणे काळी कोणा वायरमनने, सारखा ट्रिप होतो म्हणून, ती वाढवून दिली असणार. राखणदाराला झोपेची गोळी दिल्यासारखंच झालं ते. वायरमनने नवे पॉइंट टाकले, एक फेज गेला की मोटार तोडणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवला, आणि तिन्ही फेजचे फ्यूज नव्या तारेने बांधले. हा खर्च मी मोटारीच्याच खात्यात लिहिला, कारण तो मोटारीचाच आहे.

मग प्रश्न आला, जुनी भरायची की नवी घ्यायची. भरायला त्याने जी रक्कम सांगितली ती नव्याच्या साधारण चाळीस टक्के होती. वरवर पाहता भरणंच स्वस्त. पण मी त्यालाच तीन प्रश्न विचारले आणि त्याने धंद्याचा विचार न करता खरी उत्तरं दिली, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. ही याआधी किती वेळा भरली आहे? दोनदा. जुन्या तारा काढताना आतलं लोखंड भट्टीत तापवतात. ते प्रमाणाबाहेर तापलं तर लोखंडाच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन बिघडतं, आणि मग मोटार तेवढंच काम करताना जास्त वीज खाते, जास्त तापते. दुसरा प्रश्न बेअरिंगचा. दोन्ही बेअरिंगं गेली होती, ती बदलता येतात. पण बेअरिंग ज्या जागी बसतं ती झाकणातली सीटसुद्धा झिजली होती. नवं बेअरिंग तिथे सैल बसणार. तिसरा, किती दिवस? दिवाळीची गर्दी, चार-पाच दिवस तरी.

वीजबिलाचाही हिशेब मी करून पाहिला. दोन एचपी म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. एवढं काम शाफ्टवर द्यायला मोटार स्वतः त्याहून जास्त वीज घेते. आता नव्या मोटारींवर आयई२, आयई३ असे कार्यक्षमतेचे वर्ग लिहिलेले असतात. आपल्याकडे त्यासाठी आयएस १२६१५ हे मानक आहे. दीड किलोवॅटच्या १४४० आरपीएमच्या मोटारीला आयई१ वर्गात कार्यक्षमता ७७.२ टक्के आणि आयई३ मध्ये ८५.३ टक्के लागते. म्हणजे पूर्ण भारावर पहिली सुमारे १.९४ किलोवॅट घेणार, दुसरी सुमारे १.७६. हजार तासांना जवळजवळ १८५ युनिटांचा फरक. आमचं मशीन दिवसभर पूर्ण भारावर चालत नाही, त्यामुळे आमची बचत त्याहून बरीच कमी. नुसत्या बिलाकडे पाहून नवी मोटार घ्यावी असं मी म्हणणार नाही. पण दोनदा भरलेली, सीट झिजलेली आणि पाच दिवस लागणारी, हे तिन्ही एकत्र आलं तेव्हा पारडं नव्याकडे झुकलं. तुमची मोटार पहिल्यांदाच जळली असेल, बॉडी आणि सीट चांगली असेल, तर मात्र बेलाशक भरून घ्या. चांगल्या कारागिराच्या हातची भरलेली मोटार वर्षानुवर्षं चालते.

आता नवी आणायची म्हणजे काय आणायचं? मिस्त्री म्हणाले, "दोन एचपीची थ्री फेज मोटर द्या म्हणायचं." ह्यांनी पलंगावरूनच हात वर केला. "थांबा. आधी पाटी वाचा."

प्रत्येक मोटारीच्या अंगावर धातूची पाटी असते. आमच्या मोटारीची पाटी रंग आणि भुशाने भरून गेली होती. रॉकेलच्या फडक्याने पुसली तेव्हा काही अक्षरं दिसली, काही घासून गेलेली. दोन एचपी दिसलं, ४१५ व्होल्ट दिसलं, ५० हर्ट्झ, आरपीएम १४४०. फ्रेमचा आकडा मात्र गेलेला. जे गेलं ते मोजून काढायचं. शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, मिस्त्रींनी त्यांचं व्हर्निअर आणलं, आणि वहीच्या एका कोऱ्या पानावर मी एकेक नोंद केली.

पहिली नोंद उंचीची. मोटार सपाट जमिनीवर ठेवायची आणि जमिनीपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. आमचं आलं ९० मिलिमीटर. गंमत बघा, फ्रेमचा आकडा म्हणजे हीच उंची. ९० नंबरची फ्रेम म्हणजे जमिनीपासून शाफ्टचा मध्य ९० मिलिमीटरवर. इतकं सरळ आहे हे कोणी सांगतच नाही.

दुसरी नोंद पायांची. मोटारीच्या पायांना चार भोकं असतात. आडवं अंतर १४० आलं, उभं १२५. याला ९०एल म्हणतात. ९०एस नावाची तिची धाकटी बहीण असते. तिचं आडवं अंतर तेच १४०, पण उभं १००. एस म्हणजे आखूड, एल म्हणजे लांब. एस आणली असती तर मशीनच्या बैठकीतली दोन भोकं जुळली असती आणि दोन नसती.

तिसरी नोंद शाफ्टची. जाडी २४ मिलिमीटर, बाहेर आलेली लांबी ५०, आणि पुली फिरू नये म्हणून जी चावी ठोकतात तिची रुंदी ८. जुनी पुली याच मापाला बोअर केलेली. शाफ्ट १९ चा आला असता तर पुली ढिली, २८ चा आला असता तर ती जाणारच नाही.

चौथी नोंद बसवण्याच्या पद्धतीची: पायांवर बसणारी. काही मोटारींना पाय नसतात, तोंडाशी गोल फ्लँज असतो.

पाचवी, अंगाची. मोटार सगळीकडून बंद हवी, मागे पंखा आणि त्यावर जाळीचं झाकण, ज्याला बाजारात टीईएफसी म्हणतात. उघड्या जाळीच्या मोटारी आतून हवा ओढतात. लाकडाच्या शेडमध्ये हवेबरोबर भुसा आत जाणार, तारांवर बसणार, आणि भुसा पेटायला एक ठिणगी पुरते.

सहावी नोंद वेगाची, १४४०. हीच सगळ्यांत महत्त्वाची ठरली.

पान भरलं तेव्हा ह्यांना वाचून दाखवलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हात छातीवर, आणि चेहऱ्यावर पोरगा पहिला आल्यासारखं समाधान.

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री निघालो. पहिल्या दुकानात पान दाखवायच्या आधीच काउंटरवर मोटार आली. "काकू, दोन एचपी थ्री फेज. तुमच्या बजेटपेक्षा स्वस्त पडेल." दिसायला सुबक, जुन्यापेक्षा थोडी आखूड. मी पाटी वाचली. एचपी दोन, व्होल्ट ४१५, फ्रेम ९०एस, आरपीएम २८८०. मी म्हटलं, "ही चालणार नाही, आम्हाला १४४० हवी." दुकानदार म्हणाला, "काकू, स्पीड जास्त असला तर फायदाच आहे, काम लवकर होईल."

यातलं गणित आठवीच्या मुलीलाही जमेल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोटार आत चार पोलची असेल तर तिचा वेग १५०० च्या जरा खाली, म्हणजे १४४० च्या आसपास. दोन पोलची असेल तर ३००० च्या जरा खाली, २८८० च्या आसपास. एचपी दोघींचे सारखेच लिहिलेले. आमच्या मोटारीवर सहा इंची पुली आहे आणि रंध्याच्या रोलरवर दोन इंची. म्हणजे मोटार एकदा फिरली की रोलर तीनदा. १४४० गुणिले तीन, ४३२०. पाती बांधलेला रोलर मिनिटाला ४३२० वेळा फिरतो. तीच पुली २८८० च्या मोटारीवर चढवली तर ८६४०. रोलरची पाती पाचरीने आणि बोल्टने आवळलेली असतात. वेग दुप्पट झाला की पाती बाहेर फेकणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. करवतीच्या पात्यावर तर कमाल आरपीएम छापलेलेच असते, ते ओलांडायचं नाही म्हणून. आणि त्या रोलरपासून वीतभर अंतरावर मिस्त्रींचे हात असतात.

मिस्त्री तिथे काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "वैनी, आपण नसतो बघितलं तर बसवली असती मी." मी म्हटलं, "पाटी कशासाठी लावतात मग?" पण मनात चर्रर्र झालं. सव्वीस वर्षांत त्या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. सुतारकाम करणाऱ्याला विचारा, ही केवढी पुण्याई आहे.

दुसऱ्या ठिकाणी, जुन्या मालाच्या बाजारात, १४४० ची मिळाली, फ्रेमही ९०एल. पण अंगाला उघड्या जाळ्या. निम्म्या किमतीत देत होता. पाचव्या नोंदीवर बोट ठेवून मी नको म्हटलं. तिसऱ्या दुकानात टीईएफसी, १४४०, सगळं बरोबर, पण पायच नाहीत, फ्लँजवाली. "खाली अँगल वेल्ड करून घ्या," म्हणाला. वेल्ड केलेल्या बैठकीवर शाफ्टची उंची आणि बेल्टची रेष जुळवत बसायला आमच्याकडे दिवस कुठे होते?

मग इचलकरंजी गाठली. तिथे तीन दुकानं फिरल्यावर चौथ्यात एका वयस्कर दुकानदाराने माझं पान हातात घेतलं, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. आत पोऱ्याला आवाज दिला, "नव्वद एल, फोर पोल, फूट, आयई थ्री आण." एवढ्या चार शब्दांत काम झालं. त्याने स्वतः टेप लावून पायांची भोकं, शाफ्ट आणि चावी मोजून दाखवली, पाटीवरचा आकडा दाखवला, ३.२ अँपिअर. बिलावर मोटारीचा नंबर आणि वॉरंटी लिहायला लावली, ती माझी सवय. त्याने विचारलं, "ताई, कुठल्या कंपनीत पर्चेसला आहात?" मी म्हटलं, "घरीच." मिस्त्री टेम्पोत बसेपर्यंत हसत होते.

बसवतानाच्या चार गोष्टीही सांगते, कारण निम्म्या मोटारी बसवतानाच आजारी पडतात. जुनी पुली हातोड्याने ठोकून काढायची नाही आणि नवीवर ठोकून चढवायची नाही; तो मार थेट बेअरिंगला बसतो. पुलर लावून काढली. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून रेष जुळवली. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर थोडा दबावा, इतकाच ताण. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बेल्ट न चढवता नुसती मोटार क्षणभर चालू करून फिरण्याची दिशा बघायची. थ्री फेज मोटार वायर जोडण्यावर उलटीही फिरते. करवतीच्या पात्याची नट चालत्या दिशेने आवळली जाईल अशा आट्याची असते; उलटं फिरलं तर ती सैल होऊ शकते. आमची खरोखरच उलटी फिरली. वायरमनने कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या, झालं. मग अर्थिंग तपासलं, रिलेची चकती ३.२ वर आणली आणि स्टार्टरची आणखी एक परीक्षा घेतली: चालू असताना मेन बंद केला, पुन्हा दिला. मोटार आपोआप सुरू झाली नाही. आपल्याकडे वीज जाते-येते. ती परत आली तेव्हा मिस्त्रींचा हात पात्याशी असेल तर मशीनने विचारल्याशिवाय सुरू होता कामा नये.

जुनी मोटार सोडवली तेव्हा तिच्या पंख्याच्या झाकणात भुशाचा लपका होता आणि त्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. हवेला वाटच नव्हती. नशिबाने घर रिकामं होतं. आता रोज सकाळी मशीन चालू करण्यापूर्वी मऊ ब्रशने मोटारीचं अंग आणि जाळी झाडायची आणि आत कोणी जीव आहे का ते बघायचं, असा नियमच केला आहे. स्वयंपाकघरात शेगडी पेटवण्याआधी आपण पुंजून घेतो ना, तसंच. इथे जीवदयाही होते आणि मोटारीला हवाही मिळते. ब्रश मिस्त्रींनीच खिळ्याला टांगून ठेवला आहे.

पाट आणि चौरंग अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात पोचले. दिवाळीत मिस्त्री दोनच दिवस घरी राहिले, तेही मी आग्रह केला म्हणून.

शेडचं बोलणं दिवाळीनंतर झालं. चिरंजीवांना मी वहीची दोन पानं पाठवली. एकावर सगळा खर्च: मोटार, स्टार्टरचे पॉइंट, प्रिव्हेंटर, बेल्ट, टेम्पो, वायरमन. दुसऱ्यावर त्या एका कामाची शिल्लक. शिल्लक खर्चापेक्षा थोडी कमीच भरली, ते लपवायचं कारण नाही. खाली मी एक ओळ लिहिली की मोटार दहा वर्षांची धरली तर वर्षाला तिचा दहावा हिस्सा खर्च पडतो, आणि एवढ्यात आपल्या घरी एक मशीन आणि एक कारागीर कामावर राहतो. त्याने उत्तर दिलं, "मिस्त्री आहेत तोवर राहू दे. पण शेजारचा पोरगा शिकायला ठेवायचा आणि खांद्याचं जड काम त्याने करायचं." यावर बोलायला मला काही उरलं नाही. पोरगा मार्गशीर्षापासून येतो आहे. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी त्याला रंध्याजवळ न नेता मोटारीची पाटी वाचायला बसवलं.

तर मैत्रिणींनो, आज दुपारी भांडी आवरली की एक काम करा. घरघंटी असो, पंप असो, कारखान्याचं मशीन असो, त्याचा मेन बंद करा, फडकं घेऊन मोटारीची पाटी पुसा आणि चांगली आहे तोवरच वाचून घ्या. एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, फ्रेम. जमिनीपासून शाफ्टची उंची, पायांच्या भोकांची दोन अंतरं, शाफ्टची जाडी आणि लांबी, चावीची रुंदी. दोन्ही पुल्यांचे व्यास आणि बेल्टवरचा नंबर. फिरण्याच्या दिशेचा बाण. फोनमध्ये फोटो काढा, पण कागदावरही उतरवा. आमचं ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टार्टरच्या डब्याच्या दाराला आतून चिकटवलं आहे. पुढची मोटार आणायला बहुधा मी जाणार नाही. जो जाईल त्याच्या हातात ते पान असेल.

जय जिनेंद्र.